‘से’ की ‘टेल’, ‘स्पीक’ की ‘टॉक’: ‘म्हणणे’साठी योग्य इंग्रजी क्रियापद कसं निवडावं

‘ही सेड मी’, ‘ही टोल्ड टू मी’ आणि ‘ही एक्स्प्लेन्ड मी’ ही तिन्ही वाक्यं चुकीची आहेत आणि तिन्हींच्या मुळाशी एकच कारण आहे. ‘तो मला म्हणाला’, ‘त्याने मला सांगितलं’, ‘त्याने मला समजावलं’ असं म्हणताना मराठीतलं ‘मला’ कुठल्याही क्रियापदाशी बिनदिक्कत जुळतं. इंग्रजीत मात्र आपल्यापुढे माणूस घ्यायचा की गोष्ट, हे प्रत्येक क्रियापदाचं ठरलेलं असतं. त्यामुळे ‘से’चे वीस समानार्थी शब्द पाठ केले तरी बोलताना अडायला होतं. यादीत अर्थ मिळतो, पण पुढे काय येतं ते कळत नाही. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. पहिल्या चार नीट बसल्या तर रोजच्या बोलण्यातला बराचसा गोंधळ मिटतो.

काय जवळ हवं

- शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमन, कोणताही चालेल. तिन्ही ऑनलाइन फुकट पाहता येतात. लाँगमनच्या कोशात अर्थ सांगायला सुमारे २,००० सोपे शब्दच वापरलेले असतात, त्यामुळे नवशिक्यालाही तो झेपतो.
- एक वही. तिच्यात शब्द एकटा लिहायचा नाही, पुढच्या जोडणीसकट लिहायचा.
- मराठी संवाद असलेलं कुठलंही एक पान.

थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, सध्या बाजूला ठेवा. पीटर मार्क रोजेचा प्रसिद्ध थिसॉरस १८५२ मध्ये निघाला. त्यात शब्द कल्पनांच्या गटांनुसार लावलेले आहेत. शब्द आधीच माहीत असलेल्याला आठवण करून द्यायला तो उत्तम आहे. शब्द कसा वापरायचा हे तो शिकवत नाही.

कोशांत भेटणाऱ्या दोन खुणा आधी ओळखून ठेवा; काही कोशांत, विशेषतः ऑनलाइन, त्यांच्या जागी पूर्ण शब्दच असतात. ‘एसबी’ म्हणजे समबडी, अर्थात माणूस. ‘एसटीएच’ म्हणजे समथिंग, अर्थात गोष्ट. ‘से’खाली ‘से एसटीएच टू एसबी’ असं सापडेल, ‘टेल’खाली ‘टेल एसबी एसटीएच’. या दोन ओळींत फक्त क्रम वेगळा आहे आणि एक ‘टू’ जास्त आहे. सगळा घोळ तेवढ्याचाच असतो.

१. आधी मराठी क्रियापद तपासा

वाक्य मनात मराठीत येणारच. येऊ द्या. फक्त त्यातलं क्रियापद नेमकं काय करतंय ते पाहा.

- शब्द महत्त्वाचे, ऐकणारा असो वा नसो, म्हणजे ‘म्हणणे’: ‘से’.
- कोणाला तरी माहिती पोचवली किंवा काम दिलं, म्हणजे ‘सांगणे’: ‘टेल’.
- भाषा येणं, भाषण करणं, औपचारिक बोलणं: ‘स्पीक’.
- दोघांचं आपसातलं बोलणं, गप्पा: ‘टॉक’.

हा पहिला अंदाज झाला. तो कुठे फसतो तेही लगेच पाहून घ्या, कारण ‘बोलणे’ हे क्रियापद चारही घरांत ये-जा करतं.

‘काय बोललास?’ म्हणजे ‘व्हॉट डिड यू से?’ इथे ‘स्पीक’ चालत नाही. ‘तिच्याशी बोलून घे’ म्हणजे ‘टॉक टू हर’. ‘तो तीन भाषा बोलतो’ म्हणजे ‘ही स्पीक्स थ्री लँग्वेजेस’; इथे ‘टॉक्स’ चूक. ‘आई मला खूप बोलली’ यात तर बोलणं नाहीच, रागावणं आहे: ‘माय मदर टोल्ड मी ऑफ’. ‘बोलणी खाल्ली’ म्हणजे ‘आय गॉट टोल्ड ऑफ’. हे रोजच्या बोलण्यातलं आहे, अर्जात किंवा कार्यालयीन पत्रात लिहू नका.

आणि ‘खोटं बोलणे’. ‘ही इज स्पीकिंग अ लाय’ हे वाक्य मराठीतून थेट उतरलेलं आहे. इंग्रजीत ‘टेल अ लाय’ म्हणतात किंवा सरळ ‘ही इज लाइंग’. गंमत अशी की खऱ्याच्या बाबतीत ‘टेल द ट्रूथ’ आणि ‘स्पीक द ट्रूथ’ दोन्ही चालतात, त्यामुळे खोट्यालाही ‘स्पीक’ लावायचा मोह होतो.

२. क्रियापदापुढे माणूस आहे की गोष्ट, ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो या पायरीला.

‘से’पुढे गोष्ट येते. माणूस आणायचाच असेल तर मध्ये ‘टू’ लागतो.

‘शी सेड समथिंग.’ बरोबर.
‘शी सेड समथिंग टू मी.’ बरोबर.
‘शी सेड मी समथिंग.’ चूक.

‘टेल’पुढे आधी माणूस येतो, तोही ‘टू’शिवाय.

‘शी टोल्ड मी समथिंग.’ बरोबर.
‘शी टोल्ड टू मी.’ चूक.
‘शी टोल्ड दॅट शी वॉज टायर्ड.’ चूक, कारण कोणाला सांगितलं ते गायब आहे. ‘शी टोल्ड मी दॅट शी वॉज टायर्ड’ किंवा ‘शी सेड दॅट शी वॉज टायर्ड’.

मनाशी विचारायचा प्रश्न एकच: ऐकणारा वाक्यात आहे का? असेल तर ‘टेल’, नसेल तर ‘से’. घाईत बोलताना एवढं पुरतं.

‘टेल’ माणसाशिवाय येतो अशा काही ठरलेल्या जोड्या आहेत: टेल द ट्रूथ, टेल अ लाय, टेल अ स्टोरी, टेल अ जोक, टेल द टाइम, टेल द डिफरन्स. यांतल्या ‘टेल द टाइम’चा अर्थ घड्याळ वाचता येणं असा आहे आणि ‘टेल द डिफरन्स’चा फरक ओळखता येणं. ‘आय कॅन टेल’ म्हणजे ‘मला कळतंय’. ‘यू नेव्हर कॅन टेल’ मात्र आपल्या ‘काही सांगता येत नाही’शी तंतोतंत जुळतं.

‘से’च्याही ठरलेल्या जोड्या आहेत: से येस, से नो, से सॉरी, से थँक यू, से हॅलो, से गुडबाय, से अ प्रेअर, से अ फ्यू वर्ड्स. ‘माझ्याकडून त्यांना नमस्कार सांग’ हे वाक्य मराठीत ‘सांग’ने संपतं म्हणून ‘टेल हॅलो’ करू नका. ‘से हॅलो टू देम फ्रॉम मी’ म्हणा.

कर्मणी प्रयोगात आणखी एक खड्डा आहे. ‘मला असं सांगण्यात आलं’ याचं ‘आय वॉज सेड’ होत नाही, ‘आय वॉज टोल्ड’ होतं. ‘असं म्हणतात की’ याचं ‘इट इज सेड दॅट’ होतं किंवा साध्या बोलण्यात ‘दे से’. कार्यालयात ‘तुम्हाला कोणी सांगितलं?’ या प्रश्नावर ‘आय वॉज टोल्ड अॅट द काउंटर’ असं उत्तर देता यायला हवं, म्हणून हे वाक्य तोंडात बसवाच.

३. काम सांगताना ‘टेल’ आणि ‘आस्क’ यांतला फरक सांभाळा

‘त्याने मला थांबायला सांगितलं’: ‘ही टोल्ड मी टू वेट.’ ‘थांबू नको असं सांगितलं’: ‘ही टोल्ड मी नॉट टू वेट.’ ‘नॉट’ची जागा ‘टू’च्या आधी.

रचना सोपी आहे, अडचण मानाची आहे. ‘टेल समबडी टू डू’ यात हुकूम असतो. मराठीत आपण ‘मी सरांना सही करायला सांगितलं’ असं सहज म्हणतो, त्यात कोणाला काही खटकत नाही. तेच इंग्रजीत ‘आय टोल्ड माय बॉस टू साइन’ केलं की तुम्ही वरिष्ठांना आज्ञा केली असा सूर लागतो. वरिष्ठ, ग्राहक, अनोळखी माणूस या सगळ्यांसाठी ‘आस्क’ वापरा: ‘आय आस्क्ट माय बॉस टू साइन.’ लेखी आणि औपचारिक असेल तर ‘रिक्वेस्ट’: ‘आय रिक्वेस्टेड हिम टू साइन.’

ईमेलमध्ये ‘अॅज आय टोल्ड यू’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला ‘एकदा सांगितलं ना!’ असं ऐकू येतं. ‘अॅज आय मेन्शन्ड’ लिहा. ‘प्लीज टेल मी’ चुकीचं नाही, पण ‘कृपया कळवा’ म्हणायचं असेल तर ‘प्लीज लेट मी नो’ हेच नेहमीचं आणि मऊ वाक्य.

४. दुसऱ्याचं बोलणं सांगताना ‘मी’ बदला

मराठीत ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ यातला ‘मी’ म्हणजे ‘तो’च, हे सगळ्यांना कळतं. इंग्रजीत ‘ही सेड दॅट आय विल कम’ म्हटलं की येणार तुम्ही! निरोप उलटा पोचतो, आणि वाक्य व्याकरणात बसणारं असल्यामुळे ऐकणाऱ्याला शंकाही येत नाही. म्हणून या क्रमाने जा.

अ. आधी सर्वनाम बदला. ‘मी’ कोण ते पाहा: ‘ही सेड ही...’
आ. मग काळ मागे न्या. ‘विल’चं ‘वुड’, ‘कॅन’चं ‘कुड’, ‘इज’चं ‘वॉज’: ‘ही सेड ही वुड कम.’
इ. शेवटी वेळेचे शब्द पाहा. निरोप आजच देत असाल तर ‘टुमॉरो’ तसाच राहतो. चार दिवसांनी सांगत असाल तर ‘द नेक्स्ट डे’ होतं.

जी गोष्ट आजही खरी आहे तिचा काळ मागे नेलाच पाहिजे असं नाही. ‘ही सेड द ऑफिस इज क्लोज्ड ऑन संडेज’ हे पूर्ण बरोबर आहे.

आता ‘की’. विधानात ‘की’चं ‘दॅट’ होतं आणि बोलताना ते गाळलं तरी चालतं. प्रश्नात मात्र ‘दॅट’ येतच नाही. ‘त्याने विचारलं की तू कुठे चालली आहेस?’ याचं ‘ही आस्क्ट दॅट व्हेअर आर यू गोइंग’ करणं ही फार रुळलेली चूक आहे. बरोबर वाक्य: ‘ही आस्क्ट व्हेअर आय वॉज गोइंग.’ यात ‘दॅट’ गेला, ‘यू’चं ‘आय’ झालं आणि ‘आर यू’चा उलटा क्रम सुलटा होऊन ‘आय वॉज’ झाला. हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर ‘की’च्या जागी ‘इफ’: ‘ही आस्क्ट इफ आय वॉज कमिंग.’

५. ‘स्पीक’ आणि ‘टॉक’

अर्थ पुष्कळदा एकच असतो, सूर वेगळा. ‘स्पीक’मध्ये एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात, किंवा प्रसंग जरा गंभीर असतो. ‘टॉक’मध्ये दोन्ही बाजू बोलतात. फोनवर ‘मे आय स्पीक टू द मॅनेजर?’ आणि उत्तर ‘स्पीकिंग’, म्हणजे ‘मीच बोलतोय’. समोरच्याचा आवाज येत नसेल तर ‘कुड यू स्पीक अप?’ म्हणजे ‘जरा मोठ्याने बोलता का?’

दोन्हींनंतर ‘टू’ चालतो, ‘विथ’ही चालतो. विषय सांगायला ‘अबाउट’. पण ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही: ‘वी डिस्कस्ड द प्लॅन.’ ‘मेन्शन’लाही नाही. ‘डिस्कस’चं नाम झालं की मात्र ‘अबाउट’ परत येतं: ‘अ डिस्कशन अबाउट द प्लॅन’ चालतं, आणि मूळ गोंधळ तिथूनच सुरू होतो.

६. रोजच्या वापरातले ‘से’

कोशात हे ‘से’च्या नोंदीत बरेच खाली असतात, पण कानावर सतत पडतात.

पाटी, पत्र, घड्याळ, नियम हे सगळे इंग्रजीत ‘से’ करतात. ‘पाटीवर काय लिहिलंय?’ याला ‘व्हॉट इज रिटन ऑन द साइन?’ चुकीचं नाही, पण सहज तोंडी येणारं वाक्य ‘व्हॉट डझ द साइन से?’ हे आहे. ‘माझ्या घड्याळात दहा वाजलेत’: ‘माय वॉच सेझ टेन.’

- ‘लेट अस से’, किंवा नुसतं ‘से’: समजा, धरून चाला. ‘बुक सीट्स फॉर, से, टेन पीपल.’
- ‘दॅट इज टू से’: म्हणजेच.
- ‘इट गोज विदाउट सेइंग’: हे वेगळं सांगायला नकोच.
- ‘ईझिअर सेड दॅन डन’: बोलणं सोपं, करणं अवघड.
- ‘हॅव अ से’: निर्णयात आपलं मत चालणं. इथे ‘से’ नाम आहे.
- ‘से व्हेन’: काही ओतताना किंवा वाढताना, ‘पुरे झालं की सांगा’.
- ‘यू कॅन से दॅट अगेन’: अगदी खरं! हे ऐकून तेच वाक्य पुन्हा म्हणू नका, समोरचा फक्त दुजोरा देतोय.

७. समानार्थी शब्द जोडणीसकट शिका

यादी लांबवण्यापेक्षा हे मोजके शब्द पक्के करा. आधी ते, ज्यांच्यापुढे ‘मला’ थेट बसत नाही:

- एक्स्प्लेन: ‘एक्स्प्लेन इट टू मी’. ‘एक्स्प्लेन मी’ चूक.
- सजेस्ट: ‘ही सजेस्टेड दॅट आय गो’ किंवा ‘ही सजेस्टेड गोइंग’. ‘सजेस्टेड मी टू गो’ चूक.
- मेन्शन: ‘ही मेन्शन्ड इट टू मी’.
- रिप्लाय: ‘रिप्लाय टू द लेटर’. उलट ‘आन्सर’ क्रियापदाला ‘टू’ नको: ‘आन्सर द लेटर’.
- कम्प्लेन: ‘कम्प्लेन टू समबडी अबाउट समथिंग’. माणसासाठी ‘टू’, गोष्टीसाठी ‘अबाउट’.

ज्यांच्यापुढे माणूस थेट बसतो: टेल, आस्क, इन्फॉर्म, रिमाइंड, वॉर्न. ‘इन्फॉर्म’नंतर विषयाला ‘ऑफ’ किंवा ‘अबाउट’: ‘दे इन्फॉर्म्ड मी ऑफ द चेंज.’ रोजच्या बोलण्यात ‘इन्फॉर्म’ जड वाटतो, तिथे ‘टेल’च बरा.

‘रिक्वेस्ट’ क्रियापद असताना वस्तूसाठी ‘फॉर’ लागत नाही: ‘आय रिक्वेस्टेड अ कॉपी.’ नाम असताना लागतो: ‘अ रिक्वेस्ट फॉर अ कॉपी.’

आता छटा. ‘से’ शब्द तटस्थ आहे. त्याच्या जागी दुसरा घातला की तुमचं मतही वाक्यात शिरतं.

‘ही सेड ही वॉज इन द रूम.’ तो म्हणाला, एवढंच.
‘ही क्लेम्ड ही वॉज इन द रूम.’ तो म्हणतो खरा, पण तुमचा विश्वास दिसत नाही.
‘ही अॅडमिटेड ही वॉज इन द रूम.’ तिथे असणं त्याच्या अंगलट येणारं होतं आणि त्याने कबूल केलं.
‘ही इन्सिस्टेड ही वॉज इन द रूम.’ कोणी तरी नाकारत होतं, तरी तो ठाम राहिला.
‘ही डिनाइड ही वॉज इन द रूम.’ तिथे नव्हतो, असं म्हणाला.

शेवटच्या वाक्यात ‘नॉट’ नाही हे पाहा. ‘डिनाय’च्या पोटातच नकार आहे. ‘ही डिनाइड ही वॉज नॉट देअर’ लिहिलं तर अर्थ उलटतो. तक्रार अर्ज, बैठकीचा वृत्तान्त, साक्ष अशा ठिकाणी ‘सेड’ किंवा औपचारिक ‘स्टेटेड’ हेच सुरक्षित. ‘सहकाऱ्याने सांगितलं’ या अर्थाने ‘क्लेम्ड’ लिहिलंत तर तुम्ही त्याला खोटं पाडताय असं वाचलं जाईल.

‘शाउट’बरोबरचं शब्दयोगी बदललं तरी असंच होतं. ‘शाउट अॅट मी’ म्हणजे माझ्यावर ओरडला. ‘शाउट टू मी’ म्हणजे मला ऐकू जावं म्हणून लांबून ओरडला.

गोष्ट किंवा संवाद लिहिताना दर ओळीला ‘सेड’ आला म्हणून घाबरू नका. वाचकाची नजर त्यावरून सरकून जाते. ‘रिमार्क्ड’, ‘अटर्ड’, ‘एक्स्क्लेम्ड’ पेरत गेलात तर मात्र ती तिथे अडखळते.

८. उच्चार आणि रूपं

‘से’ लांब आहे, शेवटी हलका ‘इ’ येतो. ‘सेझ’ आणि ‘सेड’ आखूड आहेत. देवनागरीत तिन्हींचा ‘ए’ सारखाच दिसतो, म्हणून कान द्या: ‘सेड’ आणि ‘बेड’ यांचं यमक जुळलं पाहिजे. स्पेलिंग एस-ए-आय-डी पाहून ‘सेइड’ किंवा ‘सैड’ म्हणू नका. ‘टॉक’मधला एल मुका, ‘टोल्ड’मधला बोलका. ‘आस्क’चं भूतकाळी रूप ‘आस्क्ट’, ‘आस्केड’ नाही.

रूपं: से-सेड-सेड, टेल-टोल्ड-टोल्ड, स्पीक-स्पोक-स्पोकन, टॉक-टॉक्ट-टॉक्ट. ‘डिड’ आला की पुढे मूळ रूप: ‘आय डिडन्ट से दॅट’. ‘डिडन्ट सेड’ नाही.

९. सराव असा करा

संवादाचं मराठी पान घ्या, त्यातली ‘म्हणणे, सांगणे, बोलणे, विचारणे’ची रूपं अधोरेखित करा. प्रत्येकाखाली आधी फक्त इंग्रजी क्रियापद आणि ‘एसबी’ किंवा ‘एसटीएच’ लिहा. पूर्ण वाक्य त्यानंतर. रोज पाच वाक्यं पुरेत. मग कोशातल्या उदाहरणांशी ताडून पाहा. सुरुवातीला ही पाच घ्या, आणि उत्तर झाकून ठेवा.

- त्याने मला काहीच सांगितलं नाही. ‘ही डिडन्ट टेल मी एनीथिंग.’
- डॉक्टरांनी मला जिने चढू नका म्हणून सांगितलंय. ‘द डॉक्टर हॅज टोल्ड मी नॉट टू क्लाइम्ब स्टेअर्स.’
- ती म्हणाली की मला वेळ नाही. ‘शी सेड शी डिडन्ट हॅव टाइम.’
- मी मॅडमना पुन्हा समजावून सांगायला सांगितलं. ‘आय आस्क्ट हर टू एक्स्प्लेन इट अगेन.’
- पत्रात काय म्हटलंय? ‘व्हॉट डझ द लेटर से?’

चौथ्या वाक्यात ‘सांगणे’ दोनदा आलं आणि इंग्रजीत एकदाही ‘टेल’ आला नाही. तिथे ‘टोल्ड’ लिहिलं असेल तर तिसरी पायरी पुन्हा वाचा. ‘एक्स्प्लेन मी’ लिहिलं असेल तर सातवी.